मदत हवी आहे: राजवाडा ते पोवई नाका, म्हाताऱ्या माणसांना चालता येईल असा रस्ता कसा मागायचा?

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्याची. आमच्या पेठेतल्या पंधरा-वीस घरांनी मिळून गावाच्या जुन्या भागासाठी नगरपालिकेला सूचनांचं निवेदन द्यायचं ठरवलंय. लिहायचं काम माझ्याकडे आलंय आणि मी अडलेय.

सातारा न पाहिलेल्यांसाठी सांगते. गाव अजिंक्यतारा किल्ल्याच्या उतारावर वसलंय. राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे दोन मोठे रस्ते जातात, राजपथ आणि कर्मवीर पथ. आम्ही नुसतं ‘वरचा रस्ता’, ‘खालचा रस्ता’ म्हणतो. दोघांना जोडणारे चढउताराचे बोळ आहेत. पाय धड असतील तर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला अर्धा तास पुरतो.

माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, दोन्ही गुडघे दुखरे. मोती चौकातून कंदी पेढे आणायला तिला स्वतःला जायचं असतं. मागच्या महिन्यात तिच्याबरोबर गेले तेव्हा कळलं, ती वाट विसाव्यांवर मोजते. आधी औषधाच्या दुकानाची पायरी. मग बांगड्यांचं दुकान. बांगड्या घ्यायच्या नसतात, पण तिथल्या मावशी स्टूल पुढे करतात. मग देवळाचा कट्टा. त्यापुढे बराच वेळ टेकायला काहीच नाही. तिथे ती एका उभ्या स्कूटरच्या सीटवर हात ठेवून दम घेत राहिली. फूटपाथवर ओळीने दुचाकी लावलेल्या, म्हणून आम्ही रस्त्याच्या कडेने चालत होतो, आणि मधे जिथे फूटपाथ मोकळा होता तिथे त्याची कड इतकी उंच की तिला पाय उचलून ठेवता येईना. घरी आल्यावर म्हणाली, “आता पेढे तूच आणत जा.” त्यानंतर ती गेलेली नाही. मला हे फार लागलंय.

बैठकीत सूचना पुष्कळ आल्या. कुणी कारंजं म्हणालं, कुणी रंगीत दिवे, कुणी सेल्फी पॉइंट. मला वाटतं, आधी बसायला जागा द्या. दर दोन-तीनशे पावलांवर पाठ टेकता येईल असा बाक, शक्यतो झाडाखाली. राजवाड्यातल्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचं नाव दाखल झालं, ती जागा पाहायला बाहेरगावचे लोक येतात. त्यांनाही पोरंबाळं घेऊन निवांत चालता यायला हवं.

दुसरं म्हणजे बोळ. नवे वॉकिंग ट्रॅक आखण्याआधी हे बोळ नीट केले तर वरचा रस्ता, खालचा रस्ता आणि चार भिंती स्मारकाकडे, किल्ल्याकडे जाणारी वाट हे सगळं पायी जोडलं जाईल. तिथे गाड्यांची वर्दळ कमी असते. हवं ते इतकंच: एका बाजूला धरायला कठडा, रात्री दिवा आणि पायाखाली खरबरीत दगड. गुळगुळीत फरशी नको. आमच्याकडच्या पावसात त्यावर शेवाळ धरतं आणि उतारावर माणूस सरळ खाली जातो.

एका मुद्द्यावर आमच्यात वाद झाला. काहींचं म्हणणं, हातगाड्या उठवा म्हणजे फूटपाथ मोकळा होईल. मला ते पटत नाही. संध्याकाळी सातनंतर भाजीवाल्या बायका बसलेल्या असतात म्हणूनच त्या टप्प्यात एकट्या बाईला चालायला भीती वाटत नाही.

मला विचारायचंय ते असं. फूटपाथची रुंदी-उंची किती असावी याचा काही नियम आहे का? फेरीवाल्यांबद्दल निवेदनात काय लिहावं? आणि तुमच्या गावात रस्ता काही वेळ गाड्यांना बंद ठेवून पाहिला असेल तर दुकानदारांना कसं राजी केलं?

प्रतिसाद: उतारावरचा

ताई, नियम आहे. इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी १०३ ही पादचाऱ्यांसाठीची मार्गदर्शक पुस्तिका आहे. त्यानुसार चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी, दुकानांसमोर त्याहून जास्त, आणि कडेची उंची १५० मिलिमीटरहून अधिक नसावी. म्हणजे जेमतेम वीतभरही नाही. ‘मोकळी’ हा शब्द निवेदनात जरूर घाला, कारण खांब, विजेची डीपी (पेटी) आणि झाडाचं आळं धरून रुंदी दाखवली जाते. टेप घेऊन जा आणि प्रत्येक अडचणीचा फोटो टेपसकट काढा.

प्रतिसाद: पेठकरी

फेरीवाल्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यात नगर पथविक्रेता समिती असते आणि तिच्यात किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी हवेत. ‘हातगाड्या हटवा’ लिहू नका, ‘समितीची बैठक घेऊन जागा आखून द्या’ असं लिहा. भाजीवाल्या मावशींच्या सह्याही घ्या.

रस्ता बंद ठेवण्याबद्दल: पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात, तेव्हा लक्ष्मी रस्त्याचा काही भाग दिवसभर फक्त चालणाऱ्यांसाठी असतो. कायमचा बंद म्हटलं की दुकानदार बिथरतात. एका रविवारची सकाळ मागा. माल उतरवायची वेळ आणि रुग्णवाहिकेची वाट आधीच ठरवून दाखवा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी टेप घेऊन गेलो. स्कूटरच्या हँडलपासून दुकानाच्या पायरीपर्यंत एके ठिकाणी दीड हातही जागा भरली नाही. बांगडीवाल्या मावशी पहिली सही करायला तयार आहेत, आणि त्यांच्या दुकानाबाहेर बाक आला तर रोज पुसून ठेवीन म्हणाल्या. आईने तिचे सगळे विसावे कॅलेंडरच्या मागे क्रमाने लिहून दिलेत. त्यावरून नकाशा काढायचाय. कुणाला हाताने साधा, मापात नकाशा काढता येतो का? निवेदन पुढच्या सोमवारी द्यायचंय.