उसाच्या रसासाठी मार्क्स जनरेटर: चेंबर जोडताच ४५ केव्हीचे २५ का होतात?

रसवंती_माटुंगा
नमस्कार मंडळी. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून उसाच्या रसावर पल्स्ड इलेक्ट्रिक फील्डची प्रक्रिया करतोय. रस न उकळता त्यातले जंतू मारायचे आहेत. पाच स्टेजचा मार्क्स जनरेटर (कॅपॅसिटर समांतर चार्ज करून ठिणगीच्या गॅपमधून एकदम सिरीजमध्ये जोडणारं सर्किट) बांधलाय. प्रत्येक स्टेजला २ नॅनोफॅरडचा डोअरनॉब कॅपॅसिटर (लॅमिंग्टन रोडवरचा), १ मेगओहमचे चार्जिंग रेझिस्टर, चार्जिंग १० केव्ही (किलोव्होल्ट). काहीच जोडलेलं नसताना ५ सेंमी व्यासाच्या गोळ्यांत दीड सेंमी अंतर ठेवलं तरी फ्लॅशओव्हर होतो (ठिणगी पलीकडे उडते), म्हणजे साधारण ४५ केव्ही. रसाचं चेंबर जोडलं की प्रोब २५ च दाखवतो. चेंबरमध्ये ४ चौ. सेंमीच्या दोन स्टीलच्या चकत्या, मध्ये १ सेंमी अंतर. रसाची कंडक्टिव्हिटी ४ मिलिसीमेन्स प्रति सेंमी. शिवाय पाऊस लागल्यापासून कधीकधी पहिले दोनच गॅप उडतात. स्टेज वाढवू का?

ठिणगी
स्टेज वाढवू नका, आणखी बिघडेल. जनरेटर ठीक आहे, चेंबरचं माप चुकलंय.

चेंबरचा रेझिस्टन्स काढा: १ भागिले (०.००४ × ४), म्हणजे ६२ ओहम. आता जनरेटरची बाजू. गॅप उडाल्यावर पाचही कॅपॅसिटर सिरीजमध्ये येतात, म्हणून २ चे ०.४ नॅनोफॅरडच उरतात. जनरेटरपासून चेंबरपर्यंत जाऊन परत येणारा लूप दीड मीटरचा धरला तर इंडक्टन्स साधारण १.५ मायक्रोहेन्री. १.५ मायक्रोहेन्री भागिले ०.४ नॅनोफॅरड, याचं वर्गमूळ ६१ ओहम. म्हणजे सोर्स (जनरेटर) आणि लोड (चेंबर) जवळजवळ सारखेच. अशा सर्किटमध्ये लोडवर मोकळ्या जनरेटरच्या पीक (कमाल) व्होल्टेजच्या ५५ टक्केच मिळतात, आणि ४५ चे ५५ टक्के म्हणजे २५. तुमचा प्रोब खरं बोलतोय.

स्टेज वाढवल्या की सिरीज कॅपॅसिटन्स घटतो, लूप लांबतो आणि सोर्सचा ओहम वर जातो. कॅपॅसिटर मोठे घेणं हा एक मार्ग, पण १ मायक्रोसेकंदाची पल्स ६२ ओहममध्ये हवी तर स्टेजमागे ८० नॅनोफॅरड लागतील. १० केव्हीला त्यांत मिळून २० जूल साठतात. विद्यार्थ्यांच्या टेबलावर तेवढी ऊर्जा नको.

सोपा उपाय म्हणजे चेंबर अरुंद करणं. १ सेंमी जाडीच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये ८ मिमीचं भोक पाडा, दोन्ही बाजूंना कडा गोल केलेले ३१६ स्टीलचे इलेक्ट्रोड. क्षेत्रफळ ०.५ चौ. सेंमी झालं की रेझिस्टन्स ५०० ओहम. मग पीक ४० केव्हीच्या वर जाईल आणि पल्स सुमारे २०० नॅनोसेकंदांत ओसरेल. दोन गोष्टी सांभाळा. शीट भोकापेक्षा सगळीकडून निदान ५ सेंमी मोठी ठेवून पूर्ण जोडणी ट्रान्सफॉर्मर ऑइलमध्ये बुडवा, नाहीतर ठिणगी रसातून न जाता बाहेरच्या पृष्ठभागावरून जाईल. आणि पीक मोजायला ४० केव्हीचा प्रोब असेल तर तो आता पुरणार नाही, कॉपर सल्फेटच्या द्रावणाचा व्होल्टेज डिव्हायडर (मोजण्यासाठी व्होल्टेज ठरावीक पटीत कमी करणारा) बनवा.

दमट_हवा
दोनच गॅप उडण्याचं कारण वेगळं. दमट हवेत गॅपचं ब्रेकडाउन व्होल्टेज उलट किंचित वाढतं. खरा त्रास पृष्ठभागांचा. मुंबईत जुलैमध्ये अ‍ॅक्रिलिकवर आणि रेझिस्टरवर धूळ, खारी हवा आणि ओल यांचा थर बसतो, त्यातून गळती होते आणि शेवटच्या स्टेज पूर्ण चार्जच होत नाहीत. गिगाओहम प्रोबने पहिली आणि पाचवी स्टेज मोजा. पाचवी ५ टक्क्यांहून जास्त मागे असेल तर गळतीच. सगळं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, झाकणाच्या खोक्यात सिलिका जेल ठेवा आणि ते गुलाबी किंवा हिरवं पडलं की ओव्हनमध्ये वाळवून परत वापरा.

रेझिस्टरही बघा. १ मेगओहमचा एकच पाव वॅटचा असेल तर तो २५० व्होल्टचा, आणि पल्सच्या वेळी त्याच्यावर अख्खी स्टेज, म्हणजे १० केव्ही येते. अंगावरून ठिणगी जाणारच. १ वॅटचे ४७ किलोओहमचे वीस सिरीजमध्ये लावा, प्रत्येकावर ५०० व्होल्ट येतील. आणि सगळे गॅप एका रेषेत, एकमेकांना दिसतील असे बसवा. पहिल्या ठिणगीचा अल्ट्राव्हायोलेट प्रकाश पुढच्या गॅपवर पडला तर ते वेळेवर उडतात. मध्ये पट्टी किंवा कॅपॅसिटर आडवा आला की हीच तक्रार येते.

रसवंती_माटुंगा
हिशोब कळला, धन्यवाद. पण संशोधनाच्या पेपरांत सगळीकडे मायक्रोसेकंदांच्या पल्स दिसतात. २०० नॅनोसेकंद पुरतील का?

पेशीभित्ती
बॅक्टेरियासाठी पुरतील. पेशीच्या पटलावरचा विद्युतदाब म्हणजे १.५ × फील्ड × त्रिज्या, आणि तो सुमारे १ व्होल्टच्या वर गेला की पटलाला छिद्रं पडतात. १ मायक्रोमीटर व्यासाच्या जंतूला त्यासाठी १३ केव्ही प्रति सेंमी लागतात. प्रत्यक्षात २० ते ४० वापरतात, तिथे तुम्ही पोचताय. पटल चार्ज व्हायला लागणारा वेळही त्रिज्येबरोबर वाढतो: एवढ्या जंतूला १० नॅनोसेकंदांच्या आसपास, तर १०० मायक्रोमीटरच्या वनस्पतीपेशीला १ मायक्रोसेकंदाच्या वर. म्हणून बटाट्याच्या पेशी फोडायला लांब पल्स लागतात, पण फील्ड १ केव्ही प्रति सेंमी पुरतं. वेफर्स-फ्राइजच्या कारखान्यांत बटाटा कापण्याआधी हेच करतात.

तुमच्या पल्समध्ये ०.४ जूल आहेत आणि रस अर्धा घन सेंमी. १०० जूल प्रति घन सेंमीचं लक्ष्य ठेवा, म्हणजे १२५ पल्स. सगळ्या मिळून रस सुमारे २५ अंशांनी तापेल, म्हणून सेकंदाला एकच द्या आणि ऑइल थंड ठेवा. स्पोअर (जंतूंची टणक, सुप्त रूपं) यातून मरत नाहीत. रस काळा पडणंही याने थांबणार नाही, ते पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या रसातल्या एन्झाइममुळे होतं, त्याला लिंबूच लागतं. रिपोर्टमध्ये दावा फक्त जंतूंपुरता ठेवा.

ट्रॉम्बे_लाइन
एर्विन मार्क्सचं हे सर्किट १९२४ चं. त्याची पल्स टोकदार येऊन ओसरत जाते. सपाट माथ्याची पल्स हवी असेल तर मार्क्समागे पल्स फॉर्मिंग लाइन (पल्सला सपाट आकार देणारी लाइन) लावतात. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या कली-५००० या इलेक्ट्रॉन अ‍ॅक्सिलरेटरमध्ये अशीच रचना आहे, आधी मार्क्स, मग ब्लूमलाइन (अशा लाइनचाच एक प्रकार), शेवटी इलेक्ट्रॉन बीमचा डायोड. तुमच्या कामाला मात्र ओसरणारी पल्स चालेल.

ठिणगी
एक राहिलं: फेस. ताज्या उसाच्या रसात हवेचे बुडबुडे भरपूर असतात, आणि बुडबुड्यात फील्ड आजूबाजूच्या रसापेक्षा जास्त होतं. तिथेच आर्क सुटतो, इलेक्ट्रोडवर काळा खड्डा पडतो आणि ती पल्स वाया जाते. रस मलमलीतून दोनदा गाळा, व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये फेस बसेपर्यंत ठेवा आणि चेंबर खालून भरा. हात घालण्याआधी सप्लाय बंद करून, रेझिस्टर लावलेल्या अर्थिंग दांडीने प्रत्येक स्टेज वेगळी डिस्चार्ज करा. गॅप न उडालेली स्टेज चार्ज धरून बसते.

पेशीभित्ती
कंट्रोलचे दोन नमुने ठेवा: एक तसाच, दुसरा वॉटर बाथमध्ये तेवढाच वेळ, तेवढाच २५ अंशांनी तापवलेला. तिन्हींचे प्लेट काउंट (जिवंत जंतूंची मोजणी) एकाच वेळी लावा. दुसरा नसेल तर परीक्षक पहिलाच प्रश्न विचारतील की जंतू फील्डने मेले की उष्णतेने.