वाचणाऱ्याला फुकट, छापणाऱ्याला आठ लाख?

खडूफळा : कालच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलंय, 'ओपन अ‍ॅक्सेसमुळे ज्ञान सगळ्यांचं झालं, आता रडगाणं पुरे.' डोकंच फिरलं. ओपन अ‍ॅक्सेस म्हणजे संशोधनाचा पेपर वाचायला सगळ्यांना फुकट, छापायचं शुल्क मात्र बहुतेकदा लेखकाकडून. २०२१ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या जर्नलने ओपन अ‍ॅक्सेस पेपरला ९,५०० युरो लावले, तेव्हाच्या भावाने आठ लाखांवर. आमच्याकडे जेआरएफला, म्हणजे पीएचडी करणाऱ्या कनिष्ठ संशोधकाला, महिना ३७ हजार, तेही आले तर. पेपर आम्ही लिहायचा, दुसऱ्यांच्या पेपरचा रिव्ह्यू आम्हीच फुकटात करायचा, वर बिलही आमच्याच नावाने! सवलत मागितली, तर 'सवलतीच्या देशांच्या यादीत भारत नाही'.

काठावरचा : 'नेचर'मध्ये शुल्क न भरताही छापून येतं, पेपर फक्त वर्गणीमागे राहतो. आणि वाचणाऱ्याचं काय? जर्नलांची वर्गणी सरकारने भरायच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला तीन वर्षांचे ६,००० कोटी, तेही सरकारी संस्थांसाठी. आमचं कॉलेज विनाअनुदानित. ओपन पेपर नसते तर मी वाचलं काय असतं?

खडूफळा : वाचा की! लायसन्सवर मात्र कुणी बोलत नाही. माझा पेपर सीसी-बाय, म्हणजे नाव दिलं की कुणीही वापरा, विकाही. तो एका कंपनीने उचलून जाडजूड पुस्तकात कोंबला, दीडशे डॉलरला विकते. मेल केला, तर म्हणे, 'तुमचं नाव दिलंय ना?'

बोंडअळी : म्हणून सगळे एनसी-एनडी (धंदा नको, बदल नको) लायसन्स लावतात आणि आमची वाट लागते! गुलाबी बोंडअळीवरचा एक पेपर शेतकऱ्यांसाठी मराठीत करायचा होता. एनडी, म्हणजे भाषांतर परवानगीशिवाय नाही. लेखक आनंदाने हो म्हणाले, प्रकाशकाने कोटेशन धाडलं.

काठावरचा : परवानगी मागायला गेलातच कशाला? माहितीवर कॉपीराइट नसतो. आपल्या शब्दांत लिहायचं.

बोंडअळी : वा! आणि किडक्या बोंडांचे फोटो? तेही शब्दांत लिहू? कापसाच्या शेतात कधी पाय ठेवलाय का?

खडूफळा : माझ्या पेपरचा धंदा होऊ नये म्हणतो, तर मीच शेतकऱ्यांचा वैरी?

बोंडअळी : धंदा प्रकाशक करतोच आहे, तो चालतो तुम्हाला. 'न्यूरोइमेज'च्या संपादकांनी २०२३ मध्ये ३,४५० डॉलरचं शुल्क कमी होईना म्हणून एकजात राजीनामे दिले, नवं जर्नल काढलं. तुम्ही लोक नुसते धागे काढता.

खडूफळा : त्यांना प्रमोशनच्या फायलीत 'जर्नल स्कोपसच्या यादीत आहे का' असं विचारत नसतील.

काठावरचा : बरं, शुल्क अवाच्या सवा आहे, मान्य. सत्कार ठेवू का? पण एनडीचा मुद्दा शिताफीने टाळलात.

खडूफळा : पुढचा पेपर सीसी-बायच देतो. शुल्क तुम्ही दोघं निम्मं-निम्मं भरा.