समुद्राकाठचं घर, सौम्य थंडी: गॅस गीझर, रूम हीटर आणि बंद खिडक्या

प्रश्न | खारावारा

घर समुद्राजवळ आहे. थंडी जेमतेम दोन महिने, पहाटे पारा १२-१३ अंशांवर येतो. घर गरम ठेवायची कायमची सोय नाही. मिनिटाला ६ लिटरवाला गॅस गीझर बाथरूममध्येच आहे, वर एक्झॉस्ट फॅन आहे. यंदा आई (वय ७६) आणि आठ महिन्यांचं बाळ असल्याने माळ्यावरचा २००० वॅटचा रूम हीटर खाली काढायचा आहे. रात्री लाइट गेली तर खोलीत कोळशाची शेगडी ठेवू, असंही घरात चाललंय. आधी काय तपासू? आणि एक्झॉस्ट फॅन असला की गीझरची काळजी नको, हे बरोबर आहे का?

प्रतिसाद | निळीज्योत

शेगडी नको. दार किलकिलं ठेवूनही नको, विझत आलेली असली तरी नको. निखाऱ्याला धूर नसतो म्हणून तो निर्धोक वाटतो, पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू भरपूर सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे हवेत थोडा असला तरी रक्तात साठत जातो. झोपलेल्या माणसाला जागच येत नाही. लाइट गेली तर पांघरुणं वाढवा, सगळे एका खोलीत झोपा.

आता गीझर. फॅनवर विसंबू नका. तुमच्या गीझरची ज्योत पूर्ण असेल तर तासाला साधारण १ किलो एलपीजी जळतो, आणि तेवढा जळायला १२ घनमीटरच्या आसपास हवा लागते. ५ बाय ७ फुटांचं, ८ फूट उंचीचं बाथरूम म्हणजे सगळी मिळून ८ घनमीटर हवा. सगळी संपायची वाटच बघावी लागत नाही. ऑक्सिजन थोडा उतरला की ज्योत बिघडते आणि मोनॉक्साइड झपाट्याने वाढतो. पाठोपाठच्या आंघोळींमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या माणसाला चक्कर येते ती त्यामुळे. फॅन हवा बाहेर फेकतो, पण खालून आत यायला वाट नसेल तर तो नुसता ओढत राहतो, आणि गीझरला धुराडं असेल तर त्यातला जळका वायू उलटा आत येतो.

गीझर उघड्या बाल्कनीत किंवा बाहेरच्या भिंतीवर न्या, आत फक्त गरम पाण्याचा पाइप येऊ दे. तोवर दार उघडं ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, मग आंघोळ. ज्योत पेटती असताना आत कुणी नको, शॉवर तर नकोच.

खाऱ्या हवेत बर्नर गंजतो, गंजाच्या खपल्या जेटच्या (गॅस सुटतो त्या बारीक भोकाच्या) तोंडाशी बसतात. ज्योत निळी आणि आखूड हवी. टोकं पिवळी दिसली किंवा वर काजळी धरली असेल तर बर्नर साफ होईपर्यंत गीझर वापरू नका.

प्रतिसाद | फेज_न्यूट्रल

हीटरबद्दल. २००० वॅट म्हणजे २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर. हे ६ अँपिअरच्या सॉकेटचं काम नाही आणि एक्स्टेन्शन बोर्डाचं मुळीच नाही. भिंतीतला १६ अँपिअरचा पॉइंट हवा, त्यावर दुसरं काही नको.

समुद्राजवळ खरी गडबड प्लगपाशी होते. पितळी पिनांवर आणि सॉकेटमधल्या पट्ट्यांवर हिरवट-काळा थर चढतो. त्याने ०.१ ओहमचा अडथळा जरी आला तरी एवढ्या करंटला त्या एका ठिकाणी साडेसात वॅट उष्णता तयार होते, हीटर चालू असेपर्यंत सतत. एमसीबीला (करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचला) याचा पत्ताच लागत नाही, कारण करंट वाढलेला नसतो. आधी सॉकेटच्या भोकांभोवती प्लास्टिक तपकिरी पडतं, मग खवट, मासळीसारखा वास येतो. हीटर २० मिनिटं चालवा, स्विच बंद करा, प्लगच्या पाठीवर बोट टेकवा. कोमट ठीक. बोट ठेवता येत नसेल तर सॉकेट बदला. नुसत्या पिना घासून उपयोग नाही, आतल्या पट्टीची पकडही ढिली झालेली असते.

३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का बघा आणि तिचं टेस्ट बटण दाबा. ती पडली नाही तर बदलायची. माळ्यावरच्या हीटरवर धूळ असते, पहिली १५ मिनिटं खिडकी उघडून समोर बसून चालवा. पडदा, पांघरूण, पाळणा यांपासून किमान १ मीटर लांब. त्यावर लंगोट वाळत घालू नका. झोपताना बंद.

प्रतिसाद | पाळणाघर

बाळ आणि आईंसाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत थंडीत घरातलं तापमान किमान १८ अंश असावं असं आहे, लहान मुलं आणि वृद्धांसाठी थोडं जास्त. पाळण्याजवळ थर्मामीटर टांगा. १२ अंश ऐकायला किरकोळ वाटतं, पण ज्या घरांत गरम करायची सोय नसते तिथे पहाटेपर्यंत आतही गारठा उतरतो, आणि वृद्धांचा रक्तदाब त्यात वाढतो. झोपायच्या अर्ध्या तासापूर्वी खोली गरम करा, मग बंद करा.

बाळाला मोठ्यांपेक्षा एक थर जास्त, पण मोकळी दुलई नाही आणि झोपताना टोपी नाही. ते डोक्यावाटे उष्णता सोडतं. हात-पाय गार लागले म्हणून थंडी वाजतेय असं समजू नका, मानेमागे हात लावा. तिथे घाम असेल तर एक थर काढा.

बादलीत आधी गार पाणी, मग गरम. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं. बाळासाठी ३७-३८ अंश पुरे. आईंची शेकायची पिशवी दोन-तृतीयांश भरा, पाणी उकळतं नको, आतली हवा दाबून काढा आणि झोप लागण्याआधी पिशवी अंथरुणातून बाजूला. मधुमेहाने तळपाय बधिर असतील तर पायाशी ती नकोच.

खारावारा

शेगडी रद्द, गीझर बाल्कनीत हलवतो. स्वयंपाकघरात गॅसगळतीचा अलार्म आहे, तो मोनॉक्साइड पकडेल का? आणि कुणाला गरगरलं तर घरातला ऑक्सिमीटर लावून कळेल?

प्रतिसाद | निळीज्योत

दोन्ही नाही. गळतीचा अलार्म एलपीजीसाठी असतो. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून तो जमिनीलगत लावतात. मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा घ्यावा लागतो. हा वायू जवळपास हवेइतकाच वजनाचा असल्याने तो झोपायच्या खोलीत डोक्याच्या उंचीवर चालतो. मागे मुदतीची तारीख छापलेली असते, ती उलटली की टेस्ट बटण वाजलं तरी आतला सेन्सर निकामी असू शकतो.

ऑक्सिमीटर इथे फसवतो. मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त त्याला ऑक्सिजनने भरलेलं दिसतं, आकडा ९८ येतो आणि माणूस गुदमरत असतो. रक्ताची तपासणी हॉस्पिटलमध्येच होते. ताप नसताना घरातल्या दोघातिघांचं एकदम डोकं दुखणं, मळमळ, पायांत जोर नसणं, आणि बाहेर गेल्यावर बरं वाटणं ही खूण धरा. आधी सगळ्यांना बाहेर काढा, माणसं मोजा, मग अँब्युलन्सला फोन करा. फोनवर मोनॉक्साइडचा संशय आहे हे स्पष्ट सांगा. ज्योत बंद करायला कुणी पुन्हा आत जाऊ नका.