डॉग-कार्ट आणि होम्सच्या गोष्टीतला कमिशनेअर

डॉग-कार्ट म्हणजे कुत्री ओढतात ती गाडी का असं कुणालाही वाटेल, तर नाही हो, ती घोड्याचीच दोनचाकी गाडी, फक्त सीटखाली शिकारी कुत्री न्यायला पेटी असायची म्हणून हे नाव. शेरलॉक होम्स या डिटेक्टिव्हच्या 'स्पेकल्ड बँड' या गोष्टीत हेलन स्टोनर त्याच्याकडे मदत मागायला येते तेव्हा तिच्या डाव्या बाहीवर सात ठिकाणी ताजा चिखल उडालेला असतो, त्यावरून हा बाबा सांगतो की तुम्ही डॉग-कार्टमधून आलात आणि गाडीवानाच्या डाव्या बाजूला बसला होतात. आता गाडीच कशी असते ते माहीत नसेल तर यातली गंमत कळणार कशी?

होम्सचीच 'ब्लू कार्बंकल' (१८९२) ही गोष्ट तर अशा न कळणाऱ्या तपशिलांनी भरलीये. त्यातला पीटरसन कमिशनेअर वाचून पोलीस कमिशनर वाटतो आणि मग हा माणूस स्वतः हंस घरी नेऊन बायकोला शिजवायला का देतोय तेच कळत नाही :) कमिशनेअर म्हणजे निवृत्त सैनिक, गणवेश घालून निरोप पोचवणारे, दारावर उभे राहणारे, १८५९ मधे लंडनमधे त्यांची संघटनाच निघाली होती. आणि त्याच गोष्टीतला गूज क्लब म्हणजे सरळसरळ भिशी, दर आठवड्याला पबच्या मालकाकडे थोडे पेन्स भरायचे आणि ख्रिसमसला हंस घ्यायचा.

त्या काळातल्या पैशांचं म्हणाल तर पाउंड २० शिलिंगचा असायचा आणि गिनी २१ ची, गिनीचं नाणं तेव्हाही कधीच बंद झालेलं तरी डॉक्टर-वकिलांची फी गिनीतच असायची, तेवढाच भाव खायला!