मदत हवी आहे: कुटुंब मोजायचं कशावरून? चूल, सातबारा की रेशनकार्ड?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात समाजशास्त्रात एम.ए. करतेय. प्रबंधासाठी शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांतल्या मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, बौद्ध आणि धनगर घरांच्या कुटुंबरचनेची तुलना करायची आहे. प्रश्नावलीच्या पहिल्याच रकान्याशी अडले आहे: एक कुटुंब कुणाला म्हणायचं?

जनगणनेत एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. पण आपल्याकडे चूल वेगळी झाली तरी सातबारा आजोबांच्याच नावावर असतो, ऊस थोरल्याच्या नावानं कारखान्याला जातो, म्हसरं एकाच गोठ्यात. उलट एकत्र जेवणाऱ्या घरात रेशनकार्डं तीन-तीन. अशा घराला विभक्त म्हणणं मला पटत नाही. एकत्र म्हणावं, तर सुनेच्या बाजूनं झालेला बदल दिसतच नाही. चूल वेगळी झाली की किराणा, दवाखाना, मुलांची शाळा तिच्या हातात येते. शेतीचा निर्णय मात्र येत नाही. मेंढपाळ धनगरांचं तर अर्धं घर कित्येक महिने मेंढरांमागं वाड्यावर (फिरत्या तळावर) असतं आणि म्हातारी माणसं गावात. चुली दोन, संसार एकच.

सोयरिकीचे रकाने तुलनेनं सोपे आहेत. मराठ्यांत मामाची मुलगी चालते, आत्याची सहसा करत नाहीत. जैन-लिंगायतांत काही घरांत बहिणीची मुलगीही करतात. मुस्लिमांत चुलत भावंडांचं लग्नही होतं.

वारसाहक्काचं कोडं मोठं आहे. १९५६ चा हिंदू वारसा कायदा जैन, बौद्ध, लिंगायत सगळ्यांना लागू. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क दिला, देशभर तो २००५ ला आला. मुस्लिमांसाठी १९३७ चा शरियत कायदा आहे, पण त्याच्या मूळ कलमात शेतजमीन वगळलेली. एवढा फरक कागदावर असूनही मी पाहिलेल्या गावांत बहिणीकडून हक्कसोडपत्र घ्यायची पद्धत सगळ्याच समाजांत दिसते.

मला खरी भीती वेगळीच आहे. बागायती उसाची आठ एकर असलेलं जैन घर आणि शेतमजुरीवर चालणारं बौद्ध घर शेजारी मांडलं, तर जमिनीमुळं पडलेला फरक मी धर्माच्या खात्यावर टाकेन. १९१८ मध्ये शाहू महाराजांनी महार वतनं (गावकामाच्या बदल्यात मिळालेल्या पिढीजात जमिनी) रद्द केली. त्या जमिनींचं पुढं काय झालं ते न पाहता बौद्ध घरांबद्दल काही लिहिणं मला अन्यायाचं वाटतं. म्हणून आधी जमीन आणि पाणी यांवरून गट पाडावेत आणि मग त्या-त्या गटातच समाजांची तुलना करावी, असं माझं मत आहे. मार्गदर्शकांना समाजवार तक्ते हवेत.

ज्यांनी खेड्यात असं सर्वेक्षण केलंय त्यांनी कृपया सांगा: चूल, जमीन आणि पैशाचा व्यवहार असे तीन वेगळे रकाने ठेवले तर पुढं विश्लेषण झेपतं का? आणि हक्कसोडीबद्दल बाईला एकटीला विचारायचं असेल, तर घरातले पुरुष समोर बसलेले असताना तुम्ही ते कसं जमवलंत?