कम्बशन एअरला मराठीत काय लिहावं? (फर्नेसच्या पाइपवर पाटी लावायचीय)

कृष्णाकाठ
मंडळी, एक अडचण आहे. आमची ताई मिनेसोटात असते, आई-अप्पा सांगलीहून यंदा ऐन थंडीत तिच्याकडं गेलेत. तिच्या तळघरात गॅसची फर्नेस आहे, अख्खं घर गरम करणारी, आणि शेजारी वरनं चंदेरी कागद गुंडाळलेला ६ इंची पाइप येतो तो खाली एका प्लास्टिकच्या बादलीत सोडलाय. बाहेरची हवा त्यातनं आत येते, गॅस जळायला तीच लागते, तिलाच कम्बशन एअर म्हणतात. अप्पांना वाटलं एवढे पैसे घालून घर तापवायचं आणि इथं भोकातनं गारठा, त्यांनी जुनी सोलापुरी चादर त्यात कोंबली. वर्षाच्या तपासणीला माणूस आला त्यानं ती उपसून काढली आणि ताईला चांगलंच सुनावलं. आता तिला तिथं मराठीत पाटी लावायचीय. मी 'ज्वलनवायू नलिका, बंद करू नये' पाठवलं. तर अप्पांचा फोन, "अरे ज्वलनवायू म्हंजे गॅसच की, मग गॅसचा पाइप असा उघडा कसा ठेवलाय यांनी?" काय लिहू सांगा.

शब्दपाखरू
अप्पांचं काय चुकलं? नैसर्गिक वायू, वायुगळती, सगळीकडं वायू म्हणजे जळणारा गॅसच. शाळेत प्राणवायू पाठ केला तेवढाच अपवाद. सरळ 'ज्वलनहवा' करा.

निर्मळ मराठी
ज्वलन संस्कृत, हवा अरबी, असला धेडगुजरी समास कशाला? 'दहनपवन' काय वाईट आहे? सावरकरांनी दिनांक, महापौर दिले तेव्हाही लोक हसलेच असतील, आज कुणाला खटकतात का?

तासगावकरीण
दहन म्हटल्यावर होळी नाहीतर स्मशान आठवतं हो. अप्पा लांबूनच नमस्कार करून वर येतील :)

भट्टीवाला
मी इकडं अमेरिकेत हेच काम करतो, मूळ गाव मिरज. शब्दाचं तुम्ही बघा, पण पाटी हवीच. नैसर्गिक गॅसच्या १ भागाला जळायला साधारण १० भाग हवा लागते, आपल्या एलपीजीला तर २५ ते ३०. आणि ही घरं थंडीसाठी इतकी गच्च बांधलेली असतात की फटीतनं ती येत नाही. बाहेरून एकच तोंड ठेवलं तर हिशेब असा की ताशी दर ३,००० बीटीयूला (बीटीयू म्हणजे उष्णता मोजायचं एकक) १ चौरस इंच, ६ इंची पाइपचं तोंड २८ चौरस इंच भरतं म्हणजे ताशी ८४,००० बीटीयूपर्यंत, त्यात गॅसवरचा पाण्याचा हीटरही धरायचा. बादली उगाच नाही, गार हवा जड असते ती बादलीतच साचून राहते, फर्नेस ओढेल तेवढीच वर येते. चादर कोंबली, वर कपडे वाळवायचं मशीन आणि स्वयंपाकघरातला पंखा चालू केला की घरातली हवा बाहेर फेकली जाते आणि धुराडं उलटं वाहायला लागतं. त्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळत पण नाही. बऱ्याच नवीन फर्नेसला दोन पांढरे पाइप असतात, एक बाहेरून हवा घेतो एक धूर सोडतो, त्यांना खोलीतली हवा लागतच नाही. आम्ही कामावर नुसतं 'फ्रेश एअर' म्हणतो.

शब्दपाखरू
'ताजी हवा' लिहिलंत तर अप्पा रोज सकाळी तिथं प्राणायामाला बसतील.

वाळव्याचा गडी
आमच्या गुऱ्हाळावर चुलवाणाला खालनं वाट ठेवायचे, तिथनं वारं वडायचं. राख तुंबली की जाळ धुमसायचा आन जळव्या वरडायचा, "चुलवाणाचा दम कोंडलाय, राख वडा!" वर काहिलीत रस उकळायचा थांबला की गुळव्या शिव्या घालायला तयारच. लिवा 'भट्टीच्या दमाची हवा'. कुणालाबी कळंल.

निर्मळ मराठी
दम फारसी आहे.

वाळव्याचा गडी
मग काय दम सोडू का?

मिरज जंक्शन
चुलवाण का चुलाण? आमच्याकडं चुलाणच म्हणतात.

वाळव्याचा गडी
चुलाण घरातलं. गुऱ्हाळाचं चुलवाण. तुमच्याकडं ऊस कमी.

तासगावकरीण
हवा आणि वारा यात पण फरक आहे बरं का. हवा भरतात, सायकलच्या ट्यूबमधे. वारा घालतात, निखाऱ्याला सुपानं. भट्टीला वारा घालायचा असतो, म्हणून मी आधी 'बाहेरचं वारं' सुचवणार होते. पण आमच्या भागात कुणाला 'बाहेरचं लागलं' म्हंजे काय ते माहितीय ना? तुमच्या आई त्या पाइपला लिंबू-मिरची बांधतील!

मिरज जंक्शन
हसू नका, इथंही लोक तेच करतात. गॅस गीझर बाथरूममधे आणि थंडी वाजते म्हणून खिडकी गच्च बंद. आमच्या प्लंबरनं तर सांगितलं, गॅलरीत बसवत असाल तर बसवतो नाहीतर दुसरा माणूस बघा. तो 'व्हेंटिलेशन' म्हणतो, कुणालाही कळतं, तुम्ही इथं पवन शोधत बसा.

निर्मळ मराठी
व्हेंटिलेशन म्हणजे वायुवीजन, ते खोलीसाठी. इथं प्रश्न आगीला लागणाऱ्या हवेचा आहे. गोष्टी दोन तर शब्द दोन हवेत, हे तरी मान्य करा.

कृष्णाकाठ
ते मान्य. पण पाटी ७३ वर्षांच्या माणसाला वाचायचीय, त्यांना न्हाणीतला पाणी तापवायचा बंब माहितीय, त्या भाषेत काहीतरी सांगा.

तासगावकरीण
मग 'बंबाची जाळी' म्हणा की! तांब्याच्या बंबाला मधल्या नळीत खाली जाळी असते, तिच्याखालची राख काढली नाही की बंब पेटतच नाही, नुसता धूर. अप्पांना एका वाक्यात समजेल.

शब्दपाखरू
बंब हा पोर्तुगीज बोंबावरून आलाय ना? बोंबा म्हणजे पंप.

मिरज जंक्शन
आगीच्या बंबात पंप असतो, ठीक. न्हाणीतल्या बंबाला कुठं पंप असतो? तोटी असते. दोन वेगळे शब्द असणार.

शब्दपाखरू
वेगळे कसे, पाणी दोन्हीत आहेच की. मोल्सवर्थचा शब्दकोश काढून बघतो.

वाळव्याचा गडी
आन चुलवाणबी बघा त्यात जाता जाता.