शिक्षण परिषदेत 'ताटातला इतिहास' घ्यायचाय, कसा घेऊ?

परिसरअभ्यास_बाई
पुढच्या शिक्षण परिषदेत माझा तास आहे. आमच्या केंद्रातले, म्हणजे आसपासच्या शाळांचे, तीसेक शिक्षक, दुपारची वेळ, हातात पाऊण तास. खाण्यातून इतिहास-भूगोल-नागरिकशास्त्र कसं शिकवायचं, हा विषय मी मागून घेतलाय. मागे एका प्रशिक्षणात हाच विषय 'खाद्यसंस्कृती' म्हणून झाला होता. पडद्यावर पुरणपोळी, तांबडा रस्सा, मालवणी मासे. टाळ्या झाल्या, चहा झाला, आणि सोमवारी वर्गात उभी राहिले तेव्हा हातात काहीच नव्हतं. तसं व्हायला नको. तुम्ही स्वतः वर्गात केलेलं सांगा. आणि मुलांना घरचा डबा दाखवायला सांगावा का?

भूगोलवाले_सर
साबुदाण्याची खिचडी घ्या. मी सातवीला आषाढीच्या आधी घेतो. भिंतीवर जगाचा नकाशा आणि टेबलावर सहा वाट्या: साबुदाणा, शेंगदाणे, हिरवी मिरची, बटाटा, जिरं, तूप. प्रश्न एकच: ज्ञानेश्वरांच्या काळी एकादशीला यातलं काय मिळालं असतं?

मुलं सगळ्याच वाट्यांकडे बोट दाखवतात. मग एकेकाने पुढे यायचं आणि चिकटपट्टीने दाणा नकाशावर लावायचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेत. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओकाही तिथलाच. बटाटा अँडीजच्या डोंगरात, मिरची मेक्सिकोत. टेबलावर जिरं आणि तूप उरतं. त्या क्षणाला वर्ग गप्प होतो, तेव्हा तुम्हीही गप्प राहा, घाई करू नका. गेल्या वर्षी एकाने विचारलं, "मग सर, तेव्हा तिखट कशाचं?" मिरीचं! वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला आला तो मसाल्यांसाठी, त्यात मिरी मुख्य. आणि मिरची आपल्याकडे आणली ती पोर्तुगीजांनीच. 'बटाटा' हा शब्दसुद्धा त्यांचाच. साबुदाण्याच्या पाकिटावरचा पत्ताही वाचायला लावा, पुष्कळदा तमिळनाडूतलं सेलम निघतं.

एक जपा. उपास खोटा, असं मुलांच्या मनात जाऊ देऊ नका. परक्या मुलखातला कंद आपल्या माणसांनी पारखला आणि थेट देवाच्या दिवशी ताटात घेतला, हे मी त्यांना अभिमानाने सांगतो.

मराठवाड्यातून
आमच्याकडे बहात्तरचा दुष्काळ घ्या. मुलांना आजी-आजोबांकडे पाठवा, पण प्रश्न नीट द्या. "दुष्काळात काय झालं?" विचारलं की "लई हाल झाले" एवढ्यावर थांबतात. "भाकरी कशाची होती?" विचारलं की बोलायला लागतात. एका आजीने मिलो सांगितला, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. "थापताना कडंला चिरायची, पोरं तोंड फिरवायची." सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायची, तिथे सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची, ती स्वतः न खाता पदरात बांधून घरी आणायची. नातीने हे वहीत लिहून आणलं आणि वर्गात वाचलं. त्यानंतर 1977 चा रोजगार हमी कायदा शिकवायला मला पुस्तक उघडावं लागलं नाही.

झेडपी_सातारा
बाई, डबा अजिबात दाखवायला सांगू नका. मी एकदा सांगितला होता. एक मुलगी झाकण अर्धं उघडून, त्यावर हात ठेवून बसली. डब्यात मिठाबरोबर भाकरी होती. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. कुणाच्या घरात काय शिजतं यावरून जात आणि ऐपत दोन्ही ओळखली जाते, आणि मुलं ते आपल्या आधी ओळखतात.

त्यापेक्षा शाळेतल्या पोषण आहाराची खिचडी घ्या, ती सगळ्यांच्या ताटात एकच असते. तांदूळ कुठून आला, डाळ कुणी पिकवली, हा खर्च कुणाच्या पैशातून होतो? केंद्र सरकारची योजना 15 ऑगस्ट 1995 ची, शिजवलेलंच अन्न द्या हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश 2001 चा. आमच्या स्वयंपाकीण ताईंना वर्गात बोलावलं. शंभर मुलांना तांदूळ किती लागतो ते त्यांनी बोटांवर सांगितलं. पहिली ते पाचवी माणशी 100 ग्रॅम, म्हणजे दहा किलो. मुलांनी गुणाकार करून पडताळलं.

परिसरअभ्यास_बाई
डब्याचं नाव काढणार नाही. सुरुवात वाट्यांनी करते, आणि दाणे शिक्षकांनाच लावायला देते. मग गटात बसून प्रत्येकाने आपल्या गावातल्या आजींसाठी तीन प्रश्न लिहायचे, 'कशाची', 'कुणी', 'कुठून' असे. सर, सातवी वाटी भगरीची ठेवू का?

भूगोलवाले_सर
ठेवा. भगर म्हणजे वरी, ती इथलीच, टेबलावर राहील. राजगिराही ठेवणार असाल तर नकाशावर मेक्सिकोत जागा ठेवा.